विहिरीच्या पाण्याला वास येतो, ही तक्रार लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सरकारी भूजल खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली. विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचे नमुने घ्यायचे, कुठे खोदावं आणि कुठे खोदू नये हे सांगायचं, एवढंच आयुष्यभर केलं. निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली. आज हे पत्र लिहितोय ते दोन ठिकाणच्या विहिरींमुळे. एक विहीर माझ्या चुलतीची, आमच्या गावाकडच्या वस्तीवरची. दुसऱ्या विहिरी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, बक्स काउंटी नावाच्या जिल्ह्यात. माझी मुलगी त्याच जिल्ह्यात राहते. दोन्ही ठिकाणी जमिनीखालून तेलवाहिनी गेलेली आहे. दोन्ही ठिकाणी पाण्याला वास आला आणि तो ज्यांना आधी आला त्यांना सांगितलं गेलं की गळती नाही.

आधी काकूंचं सांगतो.

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर, अकरा घरांची. गावात नळ आलेत, पण वस्तीवर नळाचं पाणी आठवड्यातून दोनदा येतं, तेही रात्री. प्यायला आणि स्वयंपाकाला विहिरीचंच पाणी. माझ्या आजोबांनी बांधून घेतलेली दगडी विहीर आहे, सोळा-सतरा फूट रुंद. काकूंचं वय आज बहात्तर. चार वर्षांपूर्वी, गणपती नुकतेच उठले होते, तेव्हा त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, पाण्याला राकेलचा वास येतोय. म्हशीनं आज बादलीला तोंड नाही लावलं."

आता रॉकेलचा वास काकूंना कळणार नाही तर कुणाला कळणार? रेशनच्या दुकानापुढे डबा घेऊन उभं राहण्यात त्यांची तीस वर्षं गेली. स्टोव्हची पिन मारण्यात, चिमणीची काच राखेनं घासण्यात हात काळे झाले. त्यांच्या नातवंडांना तो वास ओळखता येत नाही, कारण घरात सिलिंडर आहे. म्हणजे वस्तीवर ज्या नाकाला तो वास नक्की ओळखता येत होता ते नाक बहात्तरीकडे चाललेल्या एका बाईचं होतं, आणि तिचं कोणी ऐकलं नाही.

काकूंनी ग्रामपंचायतीत सांगितलं. तिथून माणूस आला आणि विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून गेला. त्याचा दोष नाही, त्याला पाणी खराब म्हटलं की तेवढंच करायला शिकवलेलं. टीसीएलनं जंतू मरतात, तेलाला काहीही होत नाही. दोन दिवस ब्लीचिंगचा वास आला आणि तो गेल्यावर खालून परत रॉकेल आलं. मग काकूंनी पाइपलाइनवरून रोज पाहणीला चालत जाणाऱ्या पोराला गाठलं. तो बिचारा तसा मायाळू, येता-जाता त्यांच्याकडे पाणी प्यायचा. त्यानं फोन लावून विचारलं आणि सांगितलं, "आजी, लाइन टाइट आहे, प्रेशर बरोबर आहे. तुमच्या मोटारीचं ऑइल उतरलं असेल." ही तक्रार कुठल्याही वहीत गेली नाही, तिला क्रमांक पडला नाही. काकूंनी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, एवढंच.

मी पुढच्या रविवारी गेलो. पाण्यावर रंगीत तवंग होता, कडेला जास्त. आता तवंग दिसला म्हणजे तेलच असं नाही. लोह असलेल्या पाण्यात एक जातीचे जिवाणू वाढतात, त्यांचाही असाच मोरपिसासारखा तवंग येतो आणि लोक घाबरतात. फरक ओळखायची एक जुनी युक्ती आहे, ती मी नोकरीत शेकडो वेळा वापरली. कडुलिंबाची काडी घेऊन तवंगात फिरवायची. जिवाणूंचा तवंग असेल तर तो पापडासारखा तुटतो आणि तुकडे तसेच तरंगत राहतात. तेलाचा असेल तर काडी गेली की मागे परत मिळून येतो. मी बादली भरून घेतली, अंगणात ठेवली, पाणी निवळू दिलं आणि काडी फिरवली. तवंग फाटला आणि लगेच जुळला. परत फिरवली, परत जुळला. काकू शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदर नाकाला लावला.

काचेच्या बाटल्यांत नमुने घेतले, पुण्याला एका खासगी प्रयोगशाळेत स्वतःच्या खर्चानं दिले. अहवाल घेऊन फेऱ्या मारायला लागलो. काकूंच्या पहिल्या फोनपासून पाच आठवडे गेल्यावर वस्तीच्या वरच्या अंगाला, सहाशे फुटांवर, उसाच्या बांधालगत खणलं गेलं. चोरट्यांनी वाहिनीला भोक पाडून झडप बसवायचा प्रयत्न केला होता आणि काम अर्धवट टाकून ते पळाले होते. त्या जोडातून ठिबकत होतं. धार नव्हती, थेंब होते.

पाइप दोन दिवसांत दुरुस्त झाला. काम चोख झालं, हे मी मान्य करतो. तीन आठवडे टँकर आला. विहीर उपसली, वरचं तेल काढलं, पाणी स्वच्छ दिसायला लागलं आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं. उसाचा पंचनामा झाला, पैसेही मिळाले. आमच्या त्या पंचनाम्यात पिकाला रकाना होता, झाडांना होता, पाण्याला नव्हता. पाणी खराब झालं हे लिहायचं कुठे, असा प्रश्न पंचनामा करणाऱ्या माणसानं मलाच विचारला. शेवटी त्यानं ते समासात लिहिलं.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, आणि सप्टेंबरात वास परत आला.

हे का होतं ते नीट सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल पाण्याहून हलकं. ते जमिनीतून खाली उतरत जातं आणि भूजलाच्या पातळीवर येऊन तरंगत थांबतं. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या खडकात ही पातळी वर्षभर एका जागी नसते. मे महिन्यात खाली जाते, पावसाळ्यानंतर कित्येक फूट वर येते. पातळी उतरली की तेलही तिच्याबरोबर उतरतं आणि जाताना मुरमाला, खडकाच्या भेगांना चिकटून राहतं. पातळी चढली की तेच चिकटलेलं तेल सुटून परत पाण्यात येतं. म्हणून उन्हाळ्यात एक नमुना घेऊन "पाणी योग्य" असा शेरा मारणं म्हणजे पाऊस थांबल्यावर छप्पर गळतंय का ते बघण्यासारखं आहे. आमच्या खात्यात निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजायचे ते उगाच नव्हे. शिवाय बेसाल्टमधलं पाणी एकसारखं झिरपत नाही, ते भेगांनी वाहतं. वाहिनीपासून शंभर फुटांवरची विहीर स्वच्छ राहील आणि सहाशे फुटांवरची नासेल, असं सहज होतं. त्यातून ज्या विहिरीवर मोटार जास्त चालते ती आजूबाजूचं पाणी ओढून घेते आणि पाण्याबरोबर तेलही. काकूंची विहीर अकरा घरांची तहान भागवत होती म्हणूनच तेल तिच्याकडे गेलं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात, आम्ही दोघं मुलीकडे गेलो होतो. तिथे जाण्याआधी माझा समज असा की अमेरिकेत विहिरी म्हणजे जुन्या चित्रातल्या. प्रत्यक्षात मुलीच्या घराला बोअरचंच पाणी आहे. एकट्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जवळपास तीस लाख लोक स्वतःच्या खासगी विहिरीचं पाणी पितात आणि त्या पाण्याच्या दर्जावर सरकारचं नियंत्रण नाही, ज्याची विहीर त्याची जबाबदारी. डेलावेअर नदीच्या काठी अप्पर मेकफील्ड म्हणून गाव आहे. १७७६ च्या नाताळात जॉर्ज वॉशिंग्टननं सैन्यासह नदी ओलांडली ती तिथेच. त्या गावातल्या माउंट आयर मॅनर या वसाहतीखालून चौदा इंची तेलवाहिनी जाते. १९५८ साली टाकलेली. सुनोको पाइपलाइन ही कंपनी ती चालवते, मालकी एनर्जी ट्रान्सफर या टेक्ससच्या मोठ्या कंपनीची. पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन असं आलटून पालटून त्यातून न्यू जर्सीकडे जातं.

सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या रहिवाशांनी पाण्याला वास येतो अशी तक्रार केली. कंपनीनं तपासणी केली आणि गळती आढळली नाही असं सांगितलं. गळती अधिकृतपणे सापडली ३१ जानेवारी २०२५ ला. मधे सोळा महिने गेले. सोळा महिने लोक ते पाणी वापरत होते. १९९५ साली एका जागी वाहिनीला दुरुस्तीसाठी पोलादी वेढा बसवलेला होता, म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं ठिगळ, आणि त्या ठिगळातून इंधन पाझरत होतं. एका घराच्या बोअरमध्ये पाण्यावर इंधनाचा जाड थर साचलेला मिळाला. ते इंधन विमानाचं होतं. विमानाचं इंधन म्हणजे काय, तर अधिक शुद्ध केलेलं रॉकेल. मुलीनं ही हकीकत सांगितली तेव्हा मला काकूंचा फोन आठवला.

कंपनीच्या अंदाजानं तिथे १५६ बॅरल इंधन गळलं, म्हणजे साधारण पंचवीस हजार लिटर. सोळा महिन्यांवर सरासरी काढली तर दिवसाला पन्नास लिटर, तासाला जेमतेम दोन लिटर. ज्या वाहिनीतून तासाला लाखो लिटर वाहतं, तिथे हे दोन लिटर नियंत्रण कक्षातल्या संगणकाला दिसत नाहीत. दाब आणि प्रवाह मोजून गळती पकडणाऱ्या या यंत्रणा प्रवाहाच्या सुमारे एक टक्का किंवा त्याहून मोठी गळती भरवशानं पकडतात. मोठी फूट झाली तर मिनिटांत कळेल. ठिबक कळत नाही. म्हणून "प्रेशर बरोबर आहे" हे वाक्य खोटं नसतं. आमच्या त्या पोरानं काकूंना सांगितलं तेही खोटं नव्हतं. प्रेशर खरंच बरोबर होतं. पण त्यावरून गळती नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि हे पाइपलाइन चालवणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असतं. गावातल्या माणसाला मात्र ते कोणी सांगत नाही.

मुलीच्या ओळखीच्या एका घरी आम्ही गेलो होतो. तळघरात पाण्याच्या नळीवर कोळशाच्या दोन उंच टाक्या एकामागे एक बसवल्या होत्या. पहिलीतून काही निसटलं तर दुसरीत अडकावं म्हणून. घरातल्या बाईंनी आम्हाला प्यायला बाटलीचं पाणी दिलं. म्हणाल्या, गाळणी बसलीय, चाचणी चांगली आलीय, तरी मुलांना अजून नळाचं देववत नाही. माझी बायको मराठीत मला म्हणाली, "काकूंचंही अगदी हेच चाललंय."

हे काही दोनच ठिकाणी घडलेलं नाही. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली लोकांच्या बोअरमधून पेट्रोल यायला लागलं, बंदरापासून डेपोपर्यंतच्या वाहिनीची गळती निघाली आणि प्रकरण हरित लवादापुढे, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांच्या न्यायालयापुढे, गेलं. आपल्या फलटण तालुक्यात सासवड गावाजवळ फेब्रुवारी २०२१ मध्ये चोरट्यांनी वाहिनीला भोक पाडलं, पेट्रोल शेतात आणि विहिरींत उतरलं. गोव्यात दाबोळीच्या माटवे भागात ऑगस्ट २०२३ मध्ये विहिरींना पेट्रोलचा वास आला. नीट पाहिलं तर बहुतेक ठिकाणी सुरुवात सारखीच आहे. आधी घरच्या माणसांना वास येतो. मग सांगासांगी होते. मग बरेच दिवस जातात.

हे दिवस किती महाग पडतात त्याचा हिशोब मी करून पाहिला. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का चालतं. बेंझिननं रक्ताचा कर्करोग होतो, यात आता शंका राहिलेली नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) वर नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक टक्का धरलं तर एक लिटर पेट्रोलमध्ये पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास बेंझिन भरतं. ते सगळं पाण्यात विरघळलं असं मानलं तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. काकूंच्या विहिरीत बारा-तेरा फूट पाणी असतं तेव्हा ते अंदाजे ऐंशी हजार लिटर भरतं. म्हणजे एका लिटरला अशा अकरा विहिरी. प्रत्यक्षात सगळं विरघळत नाही, बरंचसं उडून जातं, हे मला ठाऊक आहे. विमानाच्या इंधनात आणि रॉकेलमध्ये बेंझिन पेट्रोलपेक्षा पुष्कळच कमी असतं, हेही खरं. पण वाहिनीतून आज रॉकेल गेलं तर उद्या पेट्रोल जातं. आणि दिवसाला पन्नास लिटर गळत असेल तेव्हा असली सूट घेऊनही मनाला शांतता मिळत नाही.

आता कायद्याचं. तेलवाहिन्यांसाठी आपल्याकडे १९६२ चा कायदा आहे. त्यात शेतकऱ्याची जमीन घेतली जात नाही, तिच्याखालून पाइप नेण्याचा हक्क घेतला जातो. त्याबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम आणि काम करताना झालेली नुकसानभरपाई मिळते. जमीन नावावर राहते, पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही, तळं करायचं नाही, विहीर खोदायची नाही. माझा या कायद्याला विरोध नाही. इंधन रस्त्यानं टँकरमधून नेण्यापेक्षा पाइपमधून नेणं सुरक्षित, हे मी नेहमी सांगत आलो आहे. आमच्या चुलत्यांनी तर कुरकुर न करता सह्या केल्या होत्या, देशाचं काम आहे म्हणून. पण पट्ट्यात विहीर नको हे ज्यांनी बारकाईनं लिहिलं, त्यांनी पट्ट्याबाहेर आधीपासून असलेल्या विहिरींचं काय हेही तेवढ्याच बारकाईनं लिहायला हवं. पाइप टाकण्यापूर्वी काकूंच्या विहिरीचं पाणी कसं होतं याचा एकही कागद आज कुणाकडे नाही. त्यामुळे "हे तेल आमचंच कशावरून" असं कुणी विचारलं तर पुरावा काकूंनीच आणायचा.

हरित लवादाकडे भरपाई मागायला पाच वर्षांची मुदत असते. पश्चिम विभागाचं पीठ आपल्या पुण्यातच आहे. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अशी विहीर असलेला कुणी हे वाचत असेल तर त्याला कळावं. पण मुदत मोजायची तर पहिल्या दिवसाची नोंद लागते, आणि ती कुणी करत नाही.

म्हणून माझं मागणं एकच आहे आणि ते खर्चाचं नाही. तेलवाहिनीच्या जवळच्या गावातून "विहिरीच्या पाण्याला वास येतो" असं कोणी सांगितलं, तर ती गळतीची तक्रार म्हणून लिहून घ्यावी. तारीख, वेळ, सांगणाऱ्याचं नाव आणि क्रमांक टाकून. त्याची पोच तिथल्या तिथे द्यावी. नमुना चोवीस तासांत घ्यावा, टँकर त्याच दिवशी सुरू व्हावा आणि अहवालाची प्रत विहीरवाल्याच्या हातात पडावी. गळती नाही हे कंपनीनं पाण्याच्या चाचणीवरून दाखवावं, दाबाच्या आकड्यावरून नव्हे. आणि गळती निघालीच तर पुढची निदान तीन वर्षं, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच विहिरीचे नमुने घेतले जावेत.

यासाठी नवं खातं काढायची गरज नाही. जल जीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलेलं आहे. त्यांच्याकडे पेटी असते, त्यात सामू, गढूळपणा, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड हे सगळं बघता येतं. तेल बघता येत नाही. पण पिण्याच्या पाण्याचं आपलं जे भारतीय मानक आहे, १०५००, त्यात अगदी वरच्या ओळींत रंगानंतर "वास" आहे. वास सुसह्य असावा असं तिथे लिहिलेलं आहे, आणि तो मोजायचं साधन माणसाचं नाकच आहे. ज्या गावांतून वाहिनी जाते तिथल्या या पाच महिलांच्या वहीत वासाचा रकाना घाला, आणि त्यांनी "रॉकेल" किंवा "पेट्रोल" असं लिहिलं की ते थेट तहसीलदारांकडे जाईल अशी व्यवस्था करा. आमच्या वस्तीवर अशी वही असती तर काकूंचे पाच आठवडे वाचले असते.

असा वास ज्यांच्या पाण्याला येत असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी, ज्या मला तेव्हा प्रत्येक घरात जाऊन सांगाव्या लागल्या. पाणी उकळू नका. उकळल्यानं ते शुद्ध होत नाही, वाफ घरात भरते आणि चूल किंवा गॅस जवळ असतो. तुरटी, टीसीएल, घरातल्या फिल्टरची कँडल यांचा तेलावर उपयोग नाही. विहिरीत डोकावताना बिडी-काडी दूर ठेवा, मोटारीचं बटण दाबण्याआधी विहिरीचं तोंड उघडं करून वारा लागू द्या, आणि वास उग्र असेल तर मोटार लावूच नका. आत तर कोणीही उतरू नये, साफ करायलासुद्धा. खाली साचलेल्या वाफेनं माणूस शुद्ध हरपून पाण्यात जातो. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेऊ नका, काचेची घ्या, काठोकाठ भरा, वर हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका, कारण जे शोधायचं तेच त्या हवेत उडून जातं. बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आणि तक्रार तोंडी करू नका. एका कागदावर तारीख घालून लिहा, दोन प्रती करा, एकीवर शिक्का घ्या.

काकूंच्या विहिरीला या वर्षी वास अजून आलेला नाही. पण त्या अजूनही सकाळी पहिली बादली ओढतात, कठड्यावर टेकवतात, वाकून नाकाशी नेतात आणि मगच हंड्यात ओततात. गेल्या मंगळवारी मी पावसाळ्यानंतरचा नमुना घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्या येळचा कागद माझ्या नावानं येईल का रे?" प्रयोगशाळेच्या अर्जावर या वेळी मी त्यांचंच नाव लिहिलं आहे. अहवाल पंधरा तारखेला मिळणार आहे.

आपला,
एक निवृत्त भूवैज्ञानिक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)